मलिंगारची मोरी

आयर्लंडमधल्या मलिंगारला उतरल्यापासून प्रमोदिनीबाईंची आंघोळ झाली नव्हती, आणि ही गोष्ट घराबाहेर जाऊ नये म्हणून त्यांची सून अनुया डोळ्यांत तेल घालून जपत होती.

वरवर पाहता बाई टापटीप होत्या. रोज सकाळी गरम पाण्यात टॉवेल पिळून अंग पुसत, पावडर लावत, धुतलेलं पातळ नेसत आणि वर मुलाचा, म्हणजे मकरंदचा, जुना स्वेटर चढवत. पण त्यांच्या मते पुसतात ते कपाट. माणूस धुवायचा असतो. बादली, तांब्या, बसायला पाट आणि अंगावरून ओघळलेलं पाणी आपल्या वाटेने निघून जाईल अशी मोरी, एवढं जमलं तर ती आंघोळ; बाकी सगळं वेळ मारून नेणं. शॉवर त्यांनी एकदा घेऊन पाहिला. कुणीतरी वरून अंगावर थुंकत राहिल्यासारखं वाटतं असं त्या म्हणाल्या, आणि त्या भाड्याच्या घरातल्या शॉवरचा जोर पाहता त्यात अतिशयोक्ती नव्हती.

राहिला टब. टबाची कड बाईंच्या उजव्या गुडघ्यापेक्षा बरोबर तेवढी उंच होती जेवढी ती असायला नको होती. पहिल्याच दिवशी मकरंद आणि अनुयाने त्यांना दोन्ही बाजूंनी धरून आत उतरवलं, स्टूल दिलं, बादली दिली आणि दार लावून घेतलं. आत पाऊण तास शांतता. मग आतून आवाज आला की मी बसले आहे ती बसलेच आहे. त्यांना बाहेर काढताना जे झालं त्याची चर्चा त्या घरात पुन्हा कधी झाली नाही. पोस्टाच्या काउंटरवर तीस-बत्तीस वर्षं बसलेल्या बाईला मुलाने काखेत हात घालून उचलावं लागलं, एवढं म्हटलं तरी पुरे.

आता आंघोळ नाही म्हणजे बाई पारोशा, आणि पारोशाने देवाला हात लावायचा नाही. देवपूजा नाही तर स्वयंपाकघरात पाऊल नाही. स्वयंपाकघरात पाऊल नाही तर नातीला भरवणं नाही. तेव्हा बाई दिवसभर बाहेरच्या खोलीत, खिडकीशी, पर्स मांडीवर घेऊन, एसटीची वाट बघणाऱ्या प्रवाशासारख्या बसून राहत. साडेतीन वर्षांची चित्रा अधूनमधून जाऊन आजीच्या गुडघ्यावर थोपटून "यू आर ग्रँड, आजी, यू आर ग्रँड" असं, म्हणजे तिकडच्या बोलीत तू अगदी ठीक आहेस असं, म्हणे, आणि आजीला तेवढं इंग्रजी कळत असल्यामुळे तिला ते पटत नसे.

आणि इथेच अनुयाचा जीव टांगणीला लागलेला होता. सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. होऊनही तीन वर्षं तिने दुधाच्या बाटल्यांखेरीज काही निर्जंतुक केलेलं नव्हतं. आता जानेवारीपासून गावाबाहेरच्या एका डेअरीच्या प्रयोगशाळेत तिला नोकरी लागली होती. चित्राची प्लेस्कूल दुपारीच सुटते. पुढचा सगळा डोलारा आजीवर उभा होता, आणि आजीने परवाच मकरंदला सांगितलं होतं, "तिकीट अलीकडचं करून मिळतं का बघ रे. अंगाला पाणी नाही लागलं की मला माझाच वास येतो."

मकरंद वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात इंजिनीयर होता, केसाएवढ्या नळ्या हृदयापर्यंत नेण्याचं काम करायचा, पण आईच्या तिकिटापर्यंत त्याचा हात पोचेना.

मग एका सकाळी बाईंनी प्रश्न स्वतःच सोडवला. अनुया चित्राला प्लेस्कूलला सोडून परत आली तेव्हा घरभर शिऱ्याचा वास सुटला होता. देवासमोर निरांजन होतं. बाई ओले केस पंच्यात गुंडाळून, कपाळाला ठळक कुंकू लावून, गॅसपाशी उभ्या होत्या आणि चक्क गुणगुणत होत्या. वरच्या बाथरूममध्ये टबाबाहेर, लिनोलियमवर, स्टूल ठेवून त्यांनी मनसोक्त आंघोळ केली होती. उरलेल्या पाण्याने फरशीही लख्ख धुऊन काढली होती, कारण आपल्यामागून येणाऱ्याला मोरी स्वच्छ मिळावी हा त्यांचा उभ्या आयुष्याचा नेम.

"चार बादल्या ओतल्या," त्या समाधानाने म्हणाल्या, "तर म्हशीसारखं पाणी बसून राहिलेलं. मग गेलं हळूहळू. पण अगं, जातं कुठे ते?"

अनुयाने बाहेरच्या खोलीत जाऊन वर पाहिलं. छताचा रंग दिव्याभोवती टम्म पुरीसारखा फुगला होता. ती बघत असतानाच पुरी फुटली आणि पाणी कुठे जातं ते सोफ्याला कळलं.

आयर्लंडमधल्या बाथरूमला मोरी नसते, हे वाक्य लिहायला सोपं आहे. तीन वर्षं तिथे राहून अनुयाला ते माहीत होतं, पण कुणाला सांगावं लागेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. खाली लाकूड, वर प्लास्टिकचा पातळ कागद, आणि पाणी सांडणार नाही असा एका अख्ख्या राष्ट्राचा स्वतःवरचा विश्वास. त्या दिवशी छत गेलं, सोफा गेला, पण चित्रा दोन वाट्या शिरा खाऊन आजीच्या मांडीवर झोपली. अनुया ओला सोफा पुसता पुसता त्या दोघींकडे बघत होती, आणि तिने मनाशी ठरवून टाकलं. या घरात मोरी झाली पाहिजे, आणि ती आपण करायची.

जागाही तिने हेरली. स्वयंपाकघरामागे कपडे धुण्याच्या मशीनची चिंचोळी खोली होती, जिला इथे युटिलिटी म्हणतात. तळमजला, खाली सिमेंटची जमीन, एका बाजूच्या भिंतीबाहेर परसात सांडपाण्याची जाळी. कोपऱ्यात कट्टा घालायचा, जमिनीला उतार द्यायचा, भिंतीतून नळी बाहेर काढायची. गुडघाभर उंचीवर नळ, तांब्याला हूक, हाताला धरायला कडी. तिने चित्राच्या खडूंनी चित्र काढून फ्रिजवर लावलं. त्यात पाणी निळं होतं आणि ते शहाण्यासारखं बाहेर जात होतं.

सल्ले लगेच सुरू झाले. ब्लँचर्डस्टाउनला राहणारा मकरंदचा कॉलेजमित्र शिरीष फोनवर तासभर बोलला. त्याच्या मते हे सगळं व्यर्थ होतं. पोरांचा फुगवायचा तलाव आणावा, स्वयंपाकघराच्या मध्यात फुगवावा, आंघोळ झाली की घडी घालून ठेवून द्यावा. आतल्या पाण्याची घडी कशी घालायची ते त्याने सांगितलं नाही. आपली आई शॉवरला दोन दिवसांत सरावली असंही तो म्हणाला. ती तिसऱ्या आठवड्यात नाशिकला परत गेली हे त्याच्या बायकोकडून नंतर समजलं.

शेजारच्या जोडघरात ब्रीज राहायची. सत्तरीची, पूर्वीची प्राथमिक शाळेची बाई, सोबतीला शेप नावाचा म्हातारा कुत्रा. तिचा सल्ला असा की प्लंबर बोलवा, तिचा ओळखीचा आहे, फार चांगला आहे, फक्त तो येत नाही.

छत पडलंय म्हटल्यावर घराच्या एजंटला कळवणं भाग होतं. एजंट म्हणजे डेक्लन, तिशीतला, टोकदार बुटांचा, सतत फोनवर. त्याने छताकडे पाहून शीळ घातली, ते वरून आलेलं दिसतंय असं निदान केलं, आणि पाणी प्यायला स्वयंपाकघरात आला असता फ्रिजवरच्या चित्रासमोर उभा राहिला. बुटका कट्टा, बुटका नळ, बुटकी कडी.

"अच्छा, कुत्र्यासाठी का," तो म्हणाला. "हल्ली सगळेच करून घेतायत. चिखलाचे पाय घेऊन आत येतात ना."

अनुयाने तोंड उघडलं होतं. पण डेक्लन बोलतच राहिला. माणसांसाठी असती तर मोठीच पंचाईत, कारण मग ती दुसरी बाथरूम धरतात. इंजिनीयरचा दाखला, विजेचा दाखला, हवा खेळती असल्याचा दाखला, विमा कंपनीची संमती, आणि मालक बसलाय ऑस्ट्रेलियात. कुत्र्याला मात्र कसलाच दाखला लागत नाही. मालकाला तो आजच कळवील.

अनुयाने तोंड मिटलं. पुढे हा क्षण तिने मनात अनेकदा उलटसुलट करून पाहिला आणि दरवेळी तिला पटलं की आपण खोटं एक अक्षर बोललो नाही. अर्थात बोललो असतो तर निदान पाप तरी स्वतःच्या कष्टाचं झालं असतं.

"पण तुमच्याकडे कुत्रा नाहीये ना?" जाताना डेक्लनने विचारलं. "करारात प्राणी चालत नाहीत, म्हणून म्हटलं."

"अजून नाही," अनुया म्हणाली. हे मात्र तिच्या तोंडून कसं निघालं ते तिला शेवटपर्यंत उमगलं नाही.

मालकाची परवानगी दोन दिवसांत आली. कुत्र्याला त्याने शुभेच्छाही पाठवल्या होत्या. अनुयाने घरात मकरंदला तेवढं सांगितलं आणि बजावलं, आईंच्या कानावर यातलं काही जाता कामा नये. ज्या बाईने जन्मभर सोवळं-ओवळं सांभाळलं तिला कुत्र्याच्या न्हाणीत बसवल्याचं समजलं, तर ती विमानाची वाट न बघता चालत निघेल.

काम मकरंदने आपल्या हातात घेतलं, म्हणजे आधी कागदावर घेतलं. त्याने दहा पानांचा आराखडा केला. त्यात धोक्यांचा तक्ता होता आणि भोकाचं माप दशांश चिन्हानंतर तीन आकड्यांपर्यंत दिलेलं होतं. फक्त तो आराखडा परसातून घराकडे बघत काढलेला होता, आणि शनिवारी भाड्याचं भलंमोठं ड्रिल घेऊन तो उभा राहिला तो घरातून परसाकडे बघत. ज्या बाजूला डावं तिथे उजवं. बाई खुर्ची टाकून देखरेखीला बसल्या होत्या. अनुया चित्राला कानांवर हात ठेवून दारापलीकडे घेऊन उभी होती. ड्रिल भिंतीत असं काही सरसर शिरलं की मकरंदने मागे वळून तिघींकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

थोड्याच वेळात पुढच्या दाराची बेल वाजली. दारात ब्रीज. हातात बशी, बशीत काळपट, जड, ख्रिसमसचा केक, आणि केकच्या बरोबर मधून आरपार गेलेलं गोल भोक.

"मकरंद, लव्ह," ती म्हणाली, "तुझं ड्रिल माझ्या प्रेसमध्ये आलंय."

प्रेस म्हणजे तिकडे कपाट. त्या कपाटात दसऱ्यापासून तिने तो केक व्हिस्की पाजून पाजून मुरत ठेवला होता. मकरंदला जमीन दुभंगेल तर बरं असं वाटलं, पण जमिनीतही बहुधा ब्रीजचंच काहीतरी निघालं असतं. अनुयाने चार वेळा माफी मागितली. ब्रीज म्हणाली की आतपर्यंत शिजलाय की नाही याची तिला शंका होतीच, ती आता फिटली. आणि भोक बुजवण्याची घाई करू नका. तुमच्याकडून येणारा वास फार चांगला आहे.

ते भोक मग राहिलं ते राहिलंच. योग्य भिंतीतलं दुसरं भोक पाडून झालं, नळी बसली, तरी पहिलं तसंच. कारण बाईंनी त्यातून ब्रीजच्या कपाटात डोकावून पाहिलं, पलीकडून ब्रीजनेही नेमकं तेव्हाच पाहिलं, आणि दोघींची गट्टी जमली. बाईंचं इंग्रजी पोस्टाचं होतं: प्लीज, नेक्स्ट, पुट हिअर, टुमारो कम. ब्रीजचं मलिंगारचं. पण दुपारी चहाच्या वेळी दोघी आपापल्या बाजूला खुर्ची ओढून बसायच्या आणि भोकातून बोलायच्या. केकचे लांबट तुकडे इकडे येत, शंकरपाळे तिकडे जात. काय बोलायच्या देव जाणे. अनुया कान देऊन ऐकायची, तिला फक्त हसणं ऐकू यायचं.

कट्टा झाला, फरशा बसल्या. फरशांचं काम अनुयाने केलं आणि चांगलं केलं, कारण इंटरनेटवर बघून करायची गोष्ट आणि प्रयोगशाळेत वाचून करायची गोष्ट यात तिला फरक दिसत नव्हता. प्रश्न उताराचा होता. मकरंदचं म्हणणं, उतार आराखड्याप्रमाणे आहे. अनुयाला शंका. गोटी टाकून बघावी तर चित्रा गिळेल, या भीतीने तीन वर्षांत त्या घरात गोटी आलेलीच नव्हती. तेव्हा तिने बाईंनी पुण्याहून आणलेला डिंकाचा लाडू कट्ट्यात ठेवला. तो प्रवासात दगड झाला होता. लाडू क्षणभर थांबला, विचार केला, आणि नळीकडे पाठ करून, उंबरठ्याच्या फटीतून, गडगडत थेट स्वयंपाकघरात गेला.

"दोन-तीन मिलीमीटरचा फरक असेल," मकरंद म्हणाला.

"लाडू फ्रिजखाली गेलाय," अनुया म्हणाली.

बाईंचं म्हणणं वेगळंच होतं. खायची वस्तू अशी जमिनीवर पळवतात का, आणि पळवायचीच होती तर मऊ पडून वाया गेलेला लाडू पळवायचा.

उतार पुन्हा केला. भोवतीच्या फटींत सिलिकोन भरलं, त्यात मकरंदची डावी स्लीपर कायमची अडकली ती कातरून काढावी लागली, आणि तिचा निळा अर्धचंद्र अजूनही त्या कोपऱ्यात आहे. पण नोव्हेंबरच्या एका सकाळी बाई बादली, तांब्या आणि पाट घेऊन आत गेल्या, आतून पाण्याचे सपकारे आणि स्तोत्र ऐकू येऊ लागलं, परसातल्या जाळीत वाफाळतं पाणी खळखळत पडू लागलं, तेव्हा अनुया थंडीत त्या जाळीपाशी उभी राहून ते पाणी बघत होती. लोक नायगारा बघायला जातात.

घर रुळावर आलं. देव रोज न्हाऊ लागले, चित्रा वरणभात खाऊ लागली. तिकिटाचं मात्र बाई अजून स्पष्ट बोलत नव्हत्या. ख्रिसमसपर्यंत बघते, एवढंच म्हणत. पोस्टातल्या माणसाला एका दिवसाच्या कामावर विश्वास ठेवायची सवय नसते. त्यांची दुसरी एक सवय मात्र अनुयाला जाच होऊन बसली. पुण्यात पाणी कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून त्या रोज घरातलं भांडं न् भांडं भरून ठेवत, आणि ज्या टबाने त्यांचा अपमान केला होता त्याचा त्यांनी सूड म्हणून हौद करून टाकला होता. काठोकाठ भरलेला टब आणि घरात साडेतीन वर्षांचं पोर; अनुयाला झोप येईना. इथे पाणी कधी जात नाही हे तिने आईंना परोपरीने सांगितलं. शेवटी बाथरूमच्या दाराला वर कडी ठोकली आणि दिवसातून दहादा ती ओढून बघू लागली.

छताचं काय झालं विचारायला डेक्लनचा फोन आला तो नेमका दुपारी, अनुया मोरी घासत असताना. पलीकडे ब्रीजचं कपाट उघडं होतं आणि शेपला आतल्या केकचा वास लागला होता. तो भोकाला नाक लावून भुंकला. कट्ट्यात आवाज घुमतो. फोनवर तो अनुयाच्या मांडीवरूनच आल्यासारखा वाटला असणार.

डेक्लन फार सौम्यपणे म्हणाला, की म्हणजे कुत्रा आला तर. करार करार असतो, मालकाने न्हाणीला हो म्हटलं होतं, कुत्र्याला नाही. तो येत्या गुरुवारी स्वतः येऊन बघेल, आणि कुत्रा आढळला तर कुत्रा आणि न्हाणी दोन्ही काढावं लागेल.

आता खरं सांगावं तर माणसांची न्हाणी, म्हणजे सगळे दाखले. न सांगावं तर कुत्रा. अनुयाने रात्रंदिवस विचार केला आणि तिला एकच गोष्ट स्पष्ट दिसली: दोन्ही वाटांच्या शेवटी आई पर्स मांडीवर घेऊन विमानतळावर बसल्या होत्या.

पण गुरुवारच्या आधी थंडी आली. साधी नव्हे. म्हाताऱ्यांनाही आठवत नव्हती अशी. मलिंगारची तळी गोठली, गाड्यांची दारं गोठली, आणि मग एकेका घरातले नळ. ज्यांचे गोठले नव्हते त्यांचे, जमिनीखालचे पाइप फुटल्यामुळे, नगरपालिकेने बंद केले. जिथे वर्षाचे बारा महिने पाऊस पडतो तिथे लोक बाटलीच्या पाण्याने दात घासू लागले. गल्लीत एका घरात मात्र पातेली, डबे, कुकर, बादल्या आणि एक आख्खा टब भरून पाणी होतं. बाईंनी नुसतं सुनेकडे पाहिलं. अनुयानेही दाराची कडी नीट लागलीय ना ते बघायला जिना चढून जाणं पसंत केलं.

गुरुवारी सकाळी भोकातून ब्रीजचा आवाज आला, रडवेला. संध्याकाळी कॅथेड्रलमध्ये ख्रिसमसची गाणी होती, तिला एकटीला एक कडवं गायचं होतं, आणि रविवारपासून तिच्या अंगाला पाणी नव्हतं. अशा अंगाने देवाच्या घरात कसं उभं राहायचं?

अनुया भाषांतर करायला पुढे सरकली, पण गरज नव्हती. बाई भोकाजवळ वाकल्या होत्या. या देशात प्रथमच कुणीतरी त्यांच्याशी मुद्द्याचं बोललं होतं.

"कम," त्या म्हणाल्या. "ब्रिंग टॉवेल."

बाईंनी मोठं पातेलं गॅसवर चढवलं. ब्रीजला पाटावर कसं बसायचं, तांब्या आधी पायांवर, मग खांद्यावर, मग डोक्यावर, हे हातवाऱ्यांनी समजावलं आणि दार लोटून घेतलं. शेप दारासमोर पंजांवर तोंड ठेवून मालकिणीची वाट बघत पडला. बाई स्वयंपाकघरात खुर्चीवर, हातात जादा तांब्या घेऊन, बसल्या. आणि बेल वाजली.

डेक्लन आत आला तो लाल नाकाने, विस्कटलेल्या केसांनी, दाढी वाढलेली. त्याला युटिलिटीचं बंद दार दिसलं, दाराखालून येणारी वाफ दिसली, दारासमोरचा कुत्रा दिसला.

"हा तो," तो म्हणाला.

"हा ब्रीजचा," अनुया म्हणाली.

"मग आत कोण न्हातंय?"

आतून ब्रीजचा आवाज लागला, उंच, मोकळा, संध्याकाळचं कडवं. अनुयाने आईंकडे पाहिलं. चित्रा आजीच्या गुडघ्याला बिलगून उभी होती. आणि अनुयाला एकदम कंटाळा आला, भीतीचाच कंटाळा. ती ताठ उभी राहिली आणि डेक्लनला तिने सांगून टाकलं. कुत्रा नाही, कधी नव्हता. ही जागा माझ्या सासूबाईंसाठी केली आहे, त्यांना टबात उतरता येत नाही. आमच्याकडे आंघोळ अशीच करतात. मी तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं. काढायची असेल तर काढा, पण मग आमच्या आई जातील, आणि त्या गेल्या की माझी नोकरीही गेली.

डेक्लन कानापर्यंत लाल झाला. त्याने बाईंकडे पाहिलं, फ्रिजवर लावलेल्या कट्ट्याच्या कागदाकडे पाहिलं, बुटांकडे पाहिलं. तेवढ्यात दार उघडलं आणि टॉवेल गुंडाळलेली, टोमॅटोसारखी गुलाबी झालेली ब्रीज वाफेतून बाहेर आली. तिने त्याला एका नजरेत ओळखलं, कारण त्याला पाढे तिनेच शिकवले होते.

"डेक्लन," ती म्हणाली, "लहानपणी चुलीसमोर पत्र्याच्या टबात आई न्हाऊ घालायची, त्यानंतर असं अंग आजच धुतलं. आणि तू इथे कुत्रा शोधतोयस?"

डेक्लन काहीतरी दाखल्यांचं पुटपुटला. ब्रीजने विचारलं की तू स्वतः शेवटची आंघोळ कधी केलीस. त्याच्या घरचे नळ सोमवारपासून बंद होते.

बाई मराठीत म्हणाल्या, "कुत्र्याचं काय म्हणतोय गं तो?"

अनुयाने मान खाली घातली. "आई, मी तुम्हाला सांगितलं नाही. याने ही जागा कुत्र्यासाठी म्हणून मंजूर केली होती."

"ते मला कधीचंच माहितीय. तुझं फोनवरचं बोलणं ब्रीजला ऐकू गेलं, तिने भोकातून सांगितलं. म्हटलं सून एवढी जपतेय, तर जपू दे तिला," बाई म्हणाल्या. "त्या म्हसोबाला विचार, गरम पाणी पुरेल का एक बादली."

मग त्या उठल्या, पातेल्यातलं पाणी बादलीत ओतलं, बोट घालून पाहिलं, आणि पोस्टाच्या काउंटरवरून बोलावं तसं डेक्लनला म्हणाल्या, "नेक्स्ट. वन बकेट ओन्ली."

डेक्लन आत गेला. पंधरा मिनिटांनी बाहेर आला तेव्हा तो पाच वर्षांनी लहान दिसत होता. जाताना त्याने ओल्या केसांनी दारात उभं राहून सांगितलं, युटिलिटीबद्दल तो मालकाला एवढंच कळवील की काम नीटनेटकं आहे आणि घरातली माणसं स्वच्छ आहेत. छताचा विषय त्याने काढला नाही. नुकती आंघोळ झालेल्या माणसाला वर बघायचं सुचत नाही.

थंडी आणखी बरेच दिवस राहिली. पलीकडच्या घरातले दोघं आले, ब्रीजच्या गाण्यातल्या दोन मैत्रिणी आल्या. येताना प्रत्येकजण दुकानातली पाण्याची बाटली घेऊन येई आणि बाई ती हौदात जमा करून घेत. नंबर त्या लावत. चित्रा दारात उभी राहून पाहुण्यांना पाटावर कसं बसायचं ते आजीच्या थाटात आणि मलिंगारच्या इंग्रजीत समजावून सांगे.

अशाच एका दुपारी पुण्याहून नणंदेचा, संध्याचा, फोन आला. अनुया टॉवेल खांद्यावर टाकून स्वयंपाकघरात उभी होती आणि न ऐकल्यासारखं करत ऐकत होती.

"नाही गं संध्या, एवढ्यात कसली येते," बाई म्हणत होत्या. "जून-जुलैचं बघू. इथे माझ्यावाचून लोकांच्या आंघोळी अडतील." मग त्यांनी फोनवर हात ठेवला. "अनुया, उभी काय? तुझा नंबर आलाय. पाणी कोमट झालंय, पण चालेल तुला. आणि मोरी धुऊन ये."

अनुया आत गेली आणि पाटावर बसली. भिंतीतल्या भोकातून केकचा वास येत होता. शेवटचा तांब्या तिने अंगावर न घेता फरशीवर मोकळ्या हाताने ओतला, आणि पाणी निळ्या स्लीपरच्या तुकड्याला वळसा घालून आपल्या वाटेने निघून जाईपर्यंत बघत राहिली.